मस्टँगची एकच किल्ली हातात आहे, दुसरी कशी करून घ्यावी?

प्रश्न : मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहते. काही महिन्यांपूर्वी मी स्वतःसाठी २०१२ ची फोर्ड मस्टँग जीटी घेतली. गाडी तिसऱ्या हाताची आहे, पण ही इच्छा फार वर्षांची होती. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली. दुसरी घर बदलताना कुठेतरी गेली, असं तो म्हणाला. मी ऑनलाइन एक रिमोटवाली किल्ली मागवली आणि जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात तिचं पातं कापून घेतलं. दार उघडतं, इग्निशनमध्ये किल्ली फिरते, पण गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवरचा एक छोटा दिवा भराभर लुकलुकत राहतो. डीलरने सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवला. नवरा म्हणतो, व्हिडिओ बघून घरीच करू. पुण्याहून बाबा पुढच्या महिन्यात येणार आहेत, ते म्हणतात, किल्लीचा फोटो पाठव, इथून स्वस्तात करून आणतो. मुलगा सतराचा आहे, त्यालाही अधूनमधून ही गाडी हवी असते. नेमकं काय करावं?

उत्तर : तुमची किल्ली बहुधा बिघडलेली नाही आणि हार्डवेअरवाल्यानेही काम बरोबरच केलंय. पातं नीट बसतंय म्हणून तर दार उघडतं. गाडी त्या किल्लीला ओळखत नाही, एवढीच अडचण आहे आणि तो लुकलुकणारा दिवा तेच सांगतो आहे.

किल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक रिमोट, म्हणजे लॉक, अनलॉक, डिकी आणि पॅनिकची बटणं. तो गोल सेलवर चालतो. दुसरी एक छोटी चिप, तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या खाचेभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते वेटोळं १३४ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं, चिपला त्यातूनच वीज मिळते, गाडी तिला एक आकडा पाठवते आणि चिपने आपल्या गुप्त संकेतावरून त्याचं उत्तर द्यायचं असतं. उत्तर जुळलं तरच इंजिन सुरू होतं. म्हणून सेल संपलेल्या किल्लीनेही गाडी चालू होते आणि उलट, लखलखीत नव्या सेलची अनोळखी किल्ली काही कामाची नसते.

फोर्डने ही पद्धत अमेरिकेत १९९६ मध्ये आणली आणि पहिल्या मोजक्या गाड्यांत मस्टँग जीटी होती. त्याआधी मस्टँगची किल्ली म्हणजे निव्वळ धातूचा तुकडा. १९६५ च्या गाडीला तर दोन किल्ल्या होत्या, दार आणि इंजिनला एक, डिकीला दुसरी, आणि कुठलाही किल्लीवाला बसल्या जागी दोन्ही करून देत असे. तुमच्या बाबांच्या डोळ्यांसमोर तीच किल्ली आहे. त्यांच्या काळातल्या गाड्यांच्या बाबतीत त्यांचं बरोबरही होतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या गाडीच्या मेमरीत एक यादी आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे नावांची वही असते, तशीच. त्या यादीत जास्तीत जास्त आठ किल्ल्या बसतात. ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणजे नव्या किल्लीचं नाव त्या यादीत घालणं. किल्लीत काही भरलं जात नाही, गाडीत भरलं जातं. हे एकदा लक्षात आलं की ‘दुसरी किल्ली कशी करू’ या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न दिसायला लागतो : या क्षणी त्या यादीत कोण कोण आहे?

तुमच्या गाडीत हे बघता येतं. स्टीअरिंगसमोरच्या छोट्या पडद्यावरच्या मेनूत ‘मायकी’ नावाचा भाग आहे. ‘मायकी’ म्हणजे मुलासारख्या नव्या चालकासाठी बंधनं घातलेली किल्ली, आणि बंधनं नसलेली ती ‘अ‍ॅडमिन’. त्यात गाडीत नोंदलेल्या ‘अ‍ॅडमिन’ किल्ल्या किती आणि ‘मायकी’ किती, हे दोन आकडे दिसतात. आज संध्याकाळी गॅरेजमध्ये जा, किल्ली ‘ऑन’वर फिरवा आणि ते वाचा. एकूण आकडा दोनपेक्षा कमी दिसणार नाही, कारण यादीत किमान दोन किल्ल्या असल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही. दोन दिसले, तर ती हरवलेली किल्ली अजून जिवंत आहे. तीन किंवा चार दिसले, तर गाडी ज्या ज्या हातांतून आली त्यांतल्या कुणाकुणाच्या ड्रॉवरमध्ये तुमच्या गाडीची किल्ली पडलेली आहे. विकणारा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. घर बदलताना वस्तू खरोखरच हरवतात. पण ती किल्ली ज्याला सापडेल त्याला गाडीचा पत्ता शोधून काढणं अवघड नाही, आणि डेट्रॉईटच्या आसपास मस्टँग किती चोरीला जातात, हे तुम्ही बातम्यांत वाचतच असाल. म्हणून माझा सल्ला एका किल्लीचा नाहीच. जुनी यादी पूर्ण पुसून घ्या आणि तुमच्या हातात असलेल्याच किल्ल्या नव्याने नोंदवून घ्या. खर्च जवळपास तेवढाच येतो आणि हरवलेल्या किल्लीची चिंता कायमची जाते.

एक मर्यादा आहे. हरवलेली किल्ली यादीतून गेली तरी तिचं पातं दाराच्या कुलपात फिरेलच, कारण तो भाग यांत्रिक आहे. इंजिन मात्र सुरू होणार नाही. गाडी गॅरेजमध्ये राहत असेल तर कुलपं बदलण्याचा खर्च मी तरी करणार नाही, गाडीत लॅपटॉप आणि पर्स ठेवायची नाही एवढं पाळलं तरी पुरे. रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप नव्या खाचांवर बसवून घेता येतं, त्यासाठी लॉकस्मिथला विचारा.

नवरा म्हणतो त्या व्हिडिओंबद्दल. ते खोटे नाहीत, फक्त त्यातली पहिली अट बरेचजण घाईत सांगून टाकतात : घरी, कुठलंही यंत्र न लावता नवी किल्ली नोंदवायला यादीत आधीपासून असलेल्या दोन वेगवेगळ्या किल्ल्या हातात लागतात. तुमच्याकडे एकच आहे. एकीवरून दुसरी करता येत नाही, मग ती कितीही वेळा फिरवा. फोर्डने ही अट मुद्दाम ठेवली आहे, नाहीतर व्हॅले पार्किंगवाल्याच्या हातात दोन मिनिटं किल्ली दिली की त्याला स्वतःची किल्ली नोंदवता आली असती.

इथेच एक सापळा आहे आणि त्यात बरेच लोक अडकतात. काही हार्डवेअर दुकानांतल्या यंत्रांवर चिपवाल्या किल्लीची ‘क्लोन’ करून मिळते. यंत्र तुमच्या चालू किल्लीची ओळख वाचतं आणि कोऱ्या चिपवर तीच उतरवतं. गाडी सुरू होते, माणूस खूश होऊन घरी येतो. पण गाडीच्या दृष्टीने ती दुसरी किल्ली नाहीच, पहिलीच आहे. दोन किल्ल्यांची अट तिने पूर्ण होत नाही, मेनूतला आकडा वाढत नाही, रिमोटची बटणं चालत नाहीत आणि कधी मूळ किल्ली यादीतून काढावी लागली तर क्लोनही तिच्याबरोबर जाते. नुसती अडीनडीची म्हणून पाकिटात ठेवायला ती बरी, पण तुमचा प्रश्न तिने सुटणार नाही.

बाबांना प्रेमाने नाही म्हणा. पुण्यात पातं उत्तम कापून मिळेल, त्यात शंका नाही, पण प्रोग्रॅमिंगला गाडी समोर लागते आणि गाडी ट्रॉयला आहे. शिवाय तुमच्या गाडीचा रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, भारतात सर्रास मिळणारे रिमोट ४३३ वर. एकाची भाषा दुसऱ्याला ऐकूच येत नाही. आणि किल्लीचा फोटो पाठवू नका, बाबांनाही नाही आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. स्पष्ट फोटोवरून पात्याच्या खाचा मोजता येतात आणि तशीच किल्ली कापताही येते.

आता तुम्ही मागवलेल्या किल्लीकडे वळू. ती उजेडात धरून पात्याच्या डोक्याजवळचा भाग बघा. तिथे ‘एसए’ ही दोन अक्षरं कोरलेली असतील तर आत ८० बिटांची चिप आहे, आणि तुमच्या गाडीला तीच लागते. अक्षरं नसतील तर आत जुनी ४० बिटांची चिप असू शकते किंवा चिपच नसेल. ऑनलाइन दुकानांत नुसती रिकामी कव्हरं हुबेहूब किल्लीसारखी दिसतात आणि ‘शेल’ हा शब्द वर्णनात कुठेतरी खाली असतो. या ४० आणि ८० च्या फरकाला कारण आहे. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ४० बिटांच्या चिपचा संकेत फोडून दाखवला होता आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली गाडी फोर्डचीच होती. तुमची गाडी त्यानंतरची आहे, ही चांगली गोष्ट.

किल्लीच्या मागच्या बाजूला एफसीसीचा, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणाऱ्या उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, एक क्रमांक बारीक अक्षरांत असतो. मूळ किल्लीवरचा आणि नवीवरचा शेजारी ठेवून ताडून पाहा. वेगळा असला म्हणजे चालणार नाहीच असं नाही, पण मग विकणाऱ्याला तुमचं मॉडेल आणि वर्ष सांगून लेखी खात्री मागा.

पात्याबद्दल थोडं. हार्डवेअरवाल्याने जुन्या किल्लीवरून नवी कापली. जुनी किल्ली तीन मालकांच्या हातात झिजलेली. त्या झिजेसकट तिची नक्कल झाली आहे आणि आणखी दोन नकला याच किल्लीवरून केल्या तर तिसरी कुलपात अडखळायला लागेल. फोर्डच्या पार्ट्स काउंटरवर गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), रजिस्ट्रेशन आणि लायसन्स दाखवलं की कारखान्याच्या कोडप्रमाणे पातं कापून मिळतं, म्हणजे गाडी फ्लॅट रॉकच्या कारखान्यातून बाहेर पडताना जशी किल्ली होती तशी. प्रोग्रॅमिंगचा आकडा ऐकून तुम्ही फोन ठेवलात, पण काउंटरला पुन्हा फोन करून फक्त कापण्याचे पैसे विचारा. ते काम वेगळं करून घेता येतं आणि त्याचा खर्च फार नसतो.

मग प्रोग्रॅमिंग कुणाकडून? तुमच्या जागी मी असते तर घरी येणारा, नोंदणीकृत लॉकस्मिथ बोलावला असता. डीलरकडचं कामही पक्कं असतं, पण तिथे किल्ली त्यांचीच घ्यावी लागते आणि मजुरी दुकानाच्या दराने लागते. अमेरिकेत नॅशनल ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टास्क फोर्स नावाची संस्था आहे. तिच्याकडे ‘व्हेइकल सिक्युरिटी प्रोफेशनल’ म्हणून नोंदलेल्या लोकांनाच कंपन्यांकडून किल्ल्यांचे कोड अधिकृतपणे मिळतात. असा माणूस आला की तो आधी तुमचं लायसन्स आणि गाडीचे कागद बघेल, एका फॉर्मवर सही घेईल. याचा राग मानू नका. जो काहीही न विचारता थेट बोनेट उघडायला लागतो, त्याला परत पाठवा.

फोनवर विचारताना किंमत तीन तुकड्यांत मागा : किल्ली किती, कापणं किती, प्रोग्रॅमिंग किती आणि येण्याचे वेगळे लागतात का. माझ्याकडे किल्ली आहे, ती वापराल का, हेही विचारा. काही जण बाहेरची किल्ली लावत नाहीत आणि त्यांचंही खरं आहे, ती नाही चालली तर वाद त्यांच्याशी होतो. ‘पंधरा-वीस डॉलरपासून सुरू’ अशी जाहिरात असेल तर तिकडे जाऊच नका. फोनवर छोटा आकडा सांगायचा आणि काम झाल्यावर कितीतरी पट बिल पुढे करायचं, हा प्रकार इतका चालतो की फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल ग्राहकांना सावध केलेलं आहे. ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेचं सभासदत्व असेल तर कार्डाच्या प्रकाराप्रमाणे लॉकस्मिथच्या खर्चातला काही भाग परत मिळतो, तेही बघून घ्या.

लॉकस्मिथला नेमकं वाक्य सांगा : “सगळ्या किल्ल्या पुसून या दोन नोंदवा.” नुसतं “एक वाढवा” म्हणालात तर तो एक वाढवेल आणि हरवलेली तशीच राहील. पुसल्यानंतर यादीत किमान दोन किल्ल्या नोंदल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही, म्हणून दोन्ही हातात तयार हव्यात. तुमची मूळ आणि ही ‘एसए’वाली, अशा दोन झाल्या. तरी तिसरी एखादी कापून तयार ठेवा, कारण ऑनलाइन किल्लीची चिप सदोष निघाली तर पुसलेली गाडी एकाच किल्लीवर गॅरेजमध्ये अडकून पडेल.

नवऱ्याला हे स्वतः करायचंच असेल तर तोही मार्ग आहे आणि तो बेकायदा किंवा आडमार्गाचा नाही. विंडोज लॅपटॉपवर फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर चालतं. त्याचं एक्स्टेंडेड लायसन्स आणि स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासण्याचं यंत्र जोडायची जागा) लावायचा चांगला अ‍ॅडॉप्टर एवढं लागतं. अ‍ॅडॉप्टर दहा डॉलरचा घेऊ नका, ओबीडीलिंक ईएक्ससारखा फोर्डसाठीच केलेला घ्या, कारण स्वस्तातले मध्येच संपर्क तोडतात. किल्ल्यांचं काम निवडलं की गाडी साधारण दहा मिनिटं काहीच करू देत नाही. हा सुरक्षेसाठी ठेवलेला थांबा आहे, चोराला गडबडीत काम उरकता येऊ नये म्हणून. त्या दहा मिनिटांत इग्निशन चालू असतं, पंखा, दिवे, रेडिओ बॅटरी खात असतात. मिशिगनच्या हिवाळ्यात मस्टँग आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते आणि बॅटरी अर्धमेली झालेली असते. यादी पुसली गेली आणि नवी नोंदवताना बॅटरीने मान टाकली, तर पुढचा फोन टोइंगवाल्यालाच करावा लागेल. म्हणून आधी बॅटरीला चार्जर लावा, पंखा आणि दिवे बंद करा, दारं लावून घ्या आणि मगच सुरुवात करा. रविवारी रात्री नाही, एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे काही अडलं तर डीलर उघडा असेल. नवऱ्याला लॅपटॉपचं हे काम आवडत असेल तर खुशाल करू द्या. नसेल तर लॉकस्मिथचे पैसे वाचवण्यासाठी हे अंगावर घेऊ नका.

यादी साफ झाली आणि दोन किल्ल्या चालायला लागल्या, की तिसरी मात्र घरीच करा. आता दोन किल्ल्यांची अट पूर्ण झालेली असते आणि यंत्र लागत नाही. तिन्ही किल्ल्या हातात ठेवा. पहिली इग्निशनमध्ये घाला, ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर फिरवा, इंजिन सुरू करायचं नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त आणि दहापेक्षा कमी थांबा, मनात सावकाश पाच मोजले की झालं. बंद करून किल्ली बाहेर काढा. दहा सेकंदांच्या आत दुसरी नोंदलेली किल्ली घाला आणि तेच करा. ती काढली की पुन्हा दहा सेकंदांच्या आत नवी किल्ली घाला, ‘ऑन’वर नेऊन सहा-सात सेकंद तशीच ठेवा आणि मग गाडी सुरू करून पाहा. तुमच्या वर्षीच्या मस्टँगमध्ये किल्ली आणि रिमोट एकाच डोक्यात आहेत, त्यामुळे याच फेरीत रिमोटही नोंदला जातो. नाही जमलं तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा चूक एकच असते : जुडग्यातून किल्ली सोडवण्यात दहा सेकंद निघून जातात. सुरू करण्यापूर्वी तिन्ही किल्ल्या कड्यांतून मोकळ्या करा.

सुट्या ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. दोन चिपवाल्या किल्ल्या एकाच कड्यात असल्या तर इग्निशनच्या वेटोळ्याला दोघींची उत्तरं एकदम ऐकू येतात आणि गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. जाडजूड धातूचं कीचेन किंवा पेट्रोलपंपावर पैसे भरायचा टॅग जुडग्यात असेल तरी असं होऊ शकतं. फोर्डच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण वाचतं कोण? लोक थेट बॅटरी बदलतात.

मुलाबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, पण मला तो भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. ४१२ अश्वशक्तीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि सतरा वर्षांचा चालक. ओल्या रस्त्यावर वळणात अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला तरी गाडीचा मागचा भाग सुटतो. तो कितीही शहाणा असला तरी ते सावरायला अनुभव लागतो, आणि तो अनुभव अजून त्याच्याकडे नाही. तिसरी किल्ली त्याची करा आणि तिला ‘मायकी’ बनवा. ती किल्ली इग्निशनमध्ये ठेवून मेनूत ‘क्रिएट मायकी’ निवडायचं. पुढच्या वेळी त्या किल्लीने गाडी सुरू केली की सीटबेल्ट लावेपर्यंत रेडिओ बोलत नाही आणि पेट्रोल कमी असल्याची सूचना लवकर येते. तुम्ही ठरवलंत तर वेग ८० मैलांच्या पुढे जात नाही, ४५, ५५ आणि ६५ मैलांना घंटी वाजते, आवाजालाही मर्यादा घालता येते. आणखी एक पर्याय आहे, तो नक्की चालू करा : अ‍ॅडव्हान्सट्रॅक, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, त्या किल्लीवर बंदच करता येत नाही. बाकी सगळं त्याला नको असेल तर बोलून ठरवा, पण हे एक सोडू नका. त्याच्यापासून लपवूही नका. गाडी त्याची ओळख किल्लीवरून ठेवते, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं.

‘मायकी’ करताना एक काळजी घ्या. ज्या किल्लीला ‘मायकी’ केलं ती स्वतःचं बंधन स्वतः काढू शकत नाही, त्याला अ‍ॅडमिन किल्लीच लागते. हातात एकच किल्ली असताना गंमत म्हणून तो मेनू दाबलात तर गाडीवर तुमचाच ताबा राहणार नाही. म्हणून आज संध्याकाळी मेनू बघायला जाल तेव्हा फक्त आकडे वाचा. पडद्यावर तुमचीच किल्ली ‘मायकी’ असल्याचा संदेश आधीपासून दिसत असेल, म्हणजे आधीच्या मालकाने मुलाची किल्ली तुमच्या हातात दिली असेल, तर यादी पुसण्याला आणखी एक कारण मिळालं. लॉकस्मिथला तेही सांगा.

स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत किल्लीची ओळख कुठवर जाते, त्याचं उदाहरण तुमच्याच वर्षीच्या मस्टँगमध्ये आहे. २०१२ च्या बॉस ३०२ साठी फोर्डने ‘ट्रॅककी’ नावाची लाल किल्ली काढली होती. नेहमीच्या किल्लीने गाडी सुरू केली तर ती रस्त्याची, लाल किल्लीने सुरू केली तर इंजिन चालवणारं सगळं गणित बदलायचं आणि तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकसारखी गुरगुरायची. डीलरकडे ते बसवून घ्यावं लागे. तुमच्या जीटीला ती सोय नाही, पण मुलाला सांगा, त्याला ऐकायला आवडेल.

शेवटी क्रम. आज आकडे वाचा. या आठवड्यात नव्या किल्लीवर ‘एसए’ आहे का बघून आणखी दोन तशाच मागवा आणि त्यांची पाती पार्ट्स काउंटरवर कोडप्रमाणे कापून घ्या. लॉकस्मिथला बाबा येण्याआधीचा दिवस द्या, म्हणजे गाडी अडली तरी विमानतळावर जायला घरात दुसरी गाडी आणि थोडा वेळ हाताशी असेल. काम झाल्यावर लगेच मेनू पुन्हा उघडून आकडा दोनच आहे ना, हे लॉकस्मिथसमोरच तपासा. तिसरी किल्ली तुम्ही आणि मुलगा मिळून नोंदवा. चौथी नोंदवू नका, ती कापलेली आणि कोरीच कपाटात राहू द्या. कधी एखादी हरवली तर तुमच्याकडे दोन चालू आणि एक तयार किल्ली असेल, आणि पाच मिनिटांचं काम उरेल.